हँडल थरथरतंय? नट आवळण्याआधी मागच्या चाकाकडेही बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साडेतीनशे सीसीची गाडी आहे आणि ती ४२,००० किलोमीटर चालली आहे. महिन्यातून दोनदा सांगली ते रत्नागिरी जाणं होतं, तेव्हा मागे दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा असतात. ताशी ७५ वरून थ्रॉटल सोडला की ६५ ते ५० च्या दरम्यान हँडल डावीउजवीकडे भराभर थरथरतं. घट्ट धरलं की थांबतं. पुढचा टायर नवा टाकला, चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच सुरू झालं. एका गॅरेजात हँडलचा नट आवळून दिला, तेव्हापासून थरथर कमी आहे, पण बाजारातल्या गर्दीत गाडी सरळ चालत नाही. आता कोन सेट (हँडलचा मधला दांडा ज्यावर फिरतो ते गोळ्या आणि कपांचं बेअरिंग) बदलावा, शॉकॲब्सॉर्बर बदलावेत की रिम?

आज काहीच बदलू नका. अठ्ठावीस वर्षं गाड्या खोलतोय, आणि हँडल थरथरण्याच्या तक्रारीत लोकांचे पैसे वाया जाताना मी सर्वांत जास्त पाहिलेत. टायर, मग रिम, मग कोन सेट असं एकेक होत जातं आणि मूळ दोष तिथेच राहतो. थरथर हँडलवर जाणवते म्हणून सगळे पुढेच शोधतात. पण गाडी एकसंध असते. मागचं चाक तिरकं बसलं असेल किंवा मागे वजन लोंबकळत असेल, तरी त्याची खबर पुढच्या हँडलवरच येते.

आधी हे होतं कशामुळे ते समजून घ्या, म्हणजे तपासणीचा क्रम आपोआप पटेल. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं एखादं चाक ढकलताना फडफडतं, ते पाहिलं असेल. तुमचं पुढचं चाकही त्याच जातीचं आहे. हँडलच्या मधल्या दांड्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर टायर जिथे जमिनीला टेकतो त्याच्या थोडी पुढे ती पडते. हे अंतर म्हणजे ट्रेल. बहुतेक मोटरसायकलींना ते साधारण ९ ते १२ सेंटिमीटर असतं. त्याच्यामुळे चाक वाकडं झालं की स्वतःहून सरळ होतं. पण सरळ होताना ते थोडं पलीकडे जातं, पुन्हा परत येतं. निरोगी गाडीत हे झोके टायर, बेअरिंग आणि चालवणाऱ्याचे हात मिळून लगेच मारून टाकतात. कुठे ढिलेपणा असला तर झोके मरत नाहीत.

इंग्लंडमधले अभियंते रॉबिन शार्प यांनी १९७१ साली गणिताने मोटरसायकलच्या या हालचाली वेगवेगळ्या काढून दाखवल्या. त्यातली वॉबल म्हणजे फक्त पुढचा चिमटा (चाक दोन्ही बाजूंनी धरणारे शॉकॲब्सॉर्बरचे दोन पाय) आणि चाक सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा थरथरणं. वीव्ह म्हणजे अख्खी गाडी सेकंदाला दोन-चार वेळा सापासारखी डोलणं, आणि तिचं मूळ बहुधा मागच्या बाजूला असतं. वॉबलचा ठेका वेगानुसार फारसा बदलत नाही, आणि तुमच्या बाबतीत हीच गोष्ट कळीची आहे. तुमच्या गाडीला पुढे १९ इंची चाक असेल, तर त्याचा घेर साधारण दोन मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला आठ फेरे मारतं. वॉबलचा ठेकाही तोच! म्हणून ५० ते ७० च्या पट्ट्यात चाकातला किरकोळ दोषसुद्धा प्रत्येक फेऱ्याला हँडलला बरोबर वेळेवर धक्का देतो. लहान मुलाच्या झोक्याला योग्य क्षणी बोट लावत राहिलं की झोका वाढतच जातो, तसं. थ्रॉटल सोडला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि गाडी त्या पट्ट्यातून सावकाश खाली उतरते, म्हणून तुम्हाला ते तेव्हाच जाणवतं. आंबा घाट उतरताना तर गाडी बराच वेळ त्याच पट्ट्यात राहते.

यातून एक गोष्ट निघते. धक्का देणारा एक असतो आणि झोका न थांबवणारा दुसरा. नवा टायर टाकल्यावर चार दिवस बरं वाटलं, कारण धक्का कमी झाला. ढिलेपणा तसाच राहिला. टायर थोडा झिजला, नीट बसला नसेल तर थोडा सरकला, आणि धक्का परत आला. हा माझा अंदाज आहे, पण खालच्या तपासण्यांत तो खरा की खोटा ते घरीच कळेल.

पहिली चाचणी बिनखर्चाची. बॅगा काढा, पुढे मोठी काच किंवा हँडगार्ड लावले असतील तर तेही काढा. सकाळी गाडी थंड असताना चांगल्या गेजने हवा बघा. पंपावरच्या गेजवर मी विश्वास ठेवत नाही, स्वतःचा छोटा गेज घ्या. हवा किती हवी ते चेनगार्डवर किंवा मागच्या फोर्कवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेल्या स्टिकरवर असतं, शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा वापरू नका. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना पुढे बहुधा २५ पीएसआय असतं, पण तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो. मग रिकाम्या, सरळ रस्त्यावर ७५ वरून थ्रॉटल सोडा. हात हँडलवरून अजिबात उचलू नका, फक्त पकड हलकी करा, तळवे टेकलेले राहू द्या. हात सोडून "बघा कशी हलते" असा व्हिडिओ काढणाऱ्या पोरांना मी दवाखान्यात भेटलोय.

बॅगा काढल्यावर थरथर गेली, तर निम्मं उत्तर मिळालं. आमच्याकडे दूध घालणाऱ्यांच्या गाड्या येतात. दोन्ही बाजूंना कॅन, एक्सलच्याही मागे लोंबणारे. कॅन भरलेले असताना पुढचं चाक हलकं होतं, आणि कॅन हुकांवर झुलत असतील तर तो झोका थेट हँडलवर येतो. अशा एका गाडीला मी काहीच बदललं नाही. कॅनची कडी चार बोटं पुढे वेल्ड करून घेतली आणि कॅन झुलू नयेत म्हणून खाली रबराचा पट्टा लावला, तक्रार संपली. तुमच्या बॅगासुद्धा जेवढ्या पुढे आणि खाली आणता येतील तेवढ्या आणा, आणि जड सामान सीटजवळ ठेवा. पण बॅगा हे धक्क्याचं कारण असतं, ढिलेपणाचं नाही. बॅगा काढून बरं वाटलं म्हणून पुढची तपासणी सोडू नका.

टायर नवा आहे, तरी एक बघा. रिमच्या कडेला, टायरच्या बाजूवर सगळीकडून गोल जाणारी एक बारीक उंच रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी ती रिमच्या आत दबली असेल, तर टायर तिथे नीट बसलेला नाही आणि चाक दर फेऱ्याला थोडं उडतं. पंक्चरवाल्याकडे हवा काढून, कडेला साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवून घ्या. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाणही बघा, उलटे बसवलेले टायर माझ्याकडे आलेत. आणि चार आकडी कोड बघा: २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. "नवा" म्हणून विकलेला टायर दुकानात चार वर्षं पडून कडक झालेला असू शकतो. जुन्या टायरवर तळवा फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखा लागत असेल, तर तो पायऱ्या पडून झिजलाय, आणि नुसत्या तेवढ्यानेही हँडल थरथरतं.

आता मुख्य काम. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनखाली लाकडी ठोकळा किंवा जॅक द्या, एकाने मागून सीट दाबून धरावं, म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. चिमट्याला पेन्सिल धरून चाक हाताने फिरवा, पेन्सिलचं टोक रिमपासून एका केसाएवढं दूर ठेवा. रिम बाजूला किंवा वरखाली दोन मिलिमीटरपेक्षा जास्त जात असेल, तर आऊट काढावा लागेल, म्हणजे स्पोक कमीजास्त ताणून रिम सरळ करावी लागेल, कारण बहुतेक कंपन्यांची मर्यादा तीच आहे. स्पोकच्या चाकात पान्ह्याने एकेक स्पोक हलकेच वाजवा. ताणलेला स्पोक "टण्ण" वाजतो, सैल स्पोक "थप्प". एकच सैल स्पोक आवळून पुढे जाऊ नका. ४२,००० किलोमीटर चाललेल्या चाकात एक सैल असेल तर शेजारचेही असतात, आणि एकटा ताणला की रिम तिकडे ओढली जाते. हे काम आऊट काढणाऱ्या जुन्या माणसाकडेच द्या.

मग चाक वर आणि खाली धरून एक हात पुढे, एक मागे असं हलवा. खाडखाड लागली तर चाकाचं बेअरिंग. ते नसेल तर चिमट्याची दोन्ही खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा, आणि जोडीदाराला हँडलच्या खालच्या टी (चिमट्याचे दोन्ही पाय जोडणारा भाग) आणि फ्रेमच्या फटीवर बोट ठेवायला सांगा. हे बोट महत्त्वाचं. शॉकॲब्सॉर्बरचे बुश (आतल्या बांगड्या) झिजले असले तरी हाताला तशीच टकटक लागते. फटीत बोटाला हालचाल जाणवली तरच दोष कोन सेटमध्ये. फट स्थिर आणि खाली टकटक, तर बुश.

आता एका बोटाने हँडल अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध, सरळ स्थितीत ते कुठेतरी "अडकून" बसतं का? एखाद्या खाचेत पडल्यासारखं? तुमच्या गाडीत बहुधा इथेच सापडेल. गाडी जन्मभर बहुतेक वेळ सरळ चालते, खड्ड्यांचे धक्के त्याच त्याच गोळ्या त्याच त्याच जागी खातात आणि कपात खड्डे पडतात. पाण्याचा प्रेशर मारून गाडी धुतल्याने वरच्या कपातलं ग्रीस निघून जातं आणि आत गंज चढतो. कोकणात पावसात जाणाऱ्या गाड्यांच्या कोन सेटमधून मी लालसर पाणी गळताना पाहिलंय. धुताना हँडलच्या मुळाशी प्रेशर मारू देऊ नका.

आता आवळलेल्या नटाचं. त्या गॅरेजवाल्याने खाच झाकली. खाच असलेल्या कपावर नट आवळला की खडखड जाते, थरथर दबते, आणि हँडल स्वतःहून फिरायचं थांबतं. पण मोटरसायकल सरळ चालते ती हँडल सतत थोडं थोडं स्वतः वळवूनच. तेच अडकवलं की हळू वेगात गाडी एकदा इकडे, एकदा तिकडे पडल्यासारखी होते, जे तुम्हाला गर्दीत जाणवतंय. ही अवस्था आधीच्या थरथरीपेक्षा वाईट आहे, कारण थरथर निदान सांगून येते. आवळलेल्या कोन सेटवर घाटातल्या वळणात गाडी तुम्ही सांगाल तेव्हा वळत नाही. तो नट आजच सैल करून घ्या, खडखड परत आली तरी चालेल, आणि काम होईपर्यंत घाटात नेऊ नका.

आता मागचं चाक, ज्याच्याकडे कोणीच बघत नाही. मागचं चाक आडवं धरून डावीउजवीकडे जोरात हलवा. मागच्या फोर्कच्या बुशमध्ये खेळ असेल तर चेनच्या बाजूला टकटक जाणवेल. मग गवंड्याची लाइनदोरी घ्या. मागच्या टायरला मागून वेढून, एक्सलच्या खालच्या उंचीवर, दोन्ही बाजूंनी पुढे ताणा, इतकी की दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेलाही टेकेल. पुढचं चाक सरळ धरा. पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद असतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडी फट राहते. ती फट दोन्हीकडे सारखी हवी. सारखी नसेल, तर चेन ताणताना मागचं चाक तिरकं झालंय. फोर्कवरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या असल्या तरी चाक तिरकं असू शकतं, कारण त्या खुणा कारखान्यातही नेहमी अचूक नसतात आणि एकदा पडलेल्या गाडीत तर नाहीतच. चाक खुणांवर सरळ करू नका, दोरीवर करा.

दहाएक वर्षांपूर्वी एका शिक्षकांची गाडी आली होती. मी कोन सेट बदलला, आऊट काढला, टायर बदलला. तीन वेळा गाडी परत आली. चौथ्या वेळी दोरी लावली, तर मागचं चाक बोटभर तिरकं आणि फोर्कचा बुश अंड्यासारखा झिजलेला. त्या माणसाने माझ्यावर तीनदा विश्वास ठेवला होता आणि मी तीनदा पुढच्याच चाकात हात घातला. तेव्हापासून थरथरीची कुठलीही गाडी आली की मी दोरी लावल्याशिवाय पान्हा उचलत नाही.

गाडी कधी पडली असेल तर आणखी एक. शॉकॲब्सॉर्बरचे पाइप काढून सपाट जाड काचेवर लोळवा, वाकडा असेल तर पाइप आणि काचेच्या मधून उजेड दिसतो. वाकडे पाइप प्रेसवर सरळ करून देणारे आहेत. मी ते करत नाही, करू देतही नाही. एकदा वाकून सरळ केलेला पाइप पुन्हा कधी आणि कुठे वाकेल ते सांगता येत नाही.

कोन सेट बदलायचा ठरला, तर गॅरेजात उभं राहून काही गोष्टी बघा. वरखालच्या गोळ्या मोजूनच काढाव्यात आणि तेवढ्याच बसवाव्यात. नुसत्या गोळ्या बदलून जुने कप ठेवायला संमती देऊ नका, नवी गोळी जुन्याच खड्ड्यात बसते. कपाची फ्रेममधली जागा साफ पुसून, नवा कप प्रेसने किंवा जुना कप वर ठेवून सरळ ठोकावा. छिन्नीने एका बाजूने ठोकला की तो तिरका बसतो, आणि नवा सेट पहिल्याच दिवसापासून थरथरतो. नट आधी थोडा जास्त आवळून हँडल पूर्ण डावीउजवीकडे पाच-सहा वेळा फिरवावं, म्हणजे गोळ्या जागेवर बसतात. मग नट सैल करून पुन्हा हळूहळू खेळ जाईपर्यंतच आवळावा. वरचा मोठा नट आवळला की खालचा ताण बदलतो, म्हणून सगळं आवळून झाल्यावर पुन्हा तपासायचं. केबल मोकळ्या करून, पुढचं चाक अधांतरी ठेवून, हँडलला मधोमध हलकासा धक्का द्या. ते स्वतःच्या वजनाने टोकापर्यंत पडलं पाहिजे. मध्येच थांबलं तर जास्त आवळलंय.

चाक बसवताना एक चूक सगळीकडे होते. एक्सल आवळून लगेच चिमट्याच्या टोकाचा क्लॅम्प बोल्ट आवळतात. आधी एक्सल आवळा, मग गाडी खाली उतरवून पुढचा ब्रेक दाबून हँडल जोरात चार-पाच वेळा खाली दाबा, आणि मगच क्लॅम्प आवळा. नाहीतर दोन्ही पाय एकमेकांना ओढत राहतात. शॉकॲब्सॉर्बरचं ऑइल बदलणार असाल, तर दोन्हीत मोजून सारखं घालायला सांगा, अंदाजाने नको.

स्टीअरिंग डॅम्पर (हँडलचे झटके जिरवणारा छोटा दांडा) लावू का, असंही तुम्ही विचारलंय. नको. डॅम्पर शर्यतीच्या गाडीवर ठीक आहे. तुमच्या गाडीत तो दोष लपवेल, आणि लपलेला दोष वाढत राहील.

आणि हे होईपर्यंत कधी रस्त्यात हँडल जोरात फडफडू लागलंच, तर पुढचा ब्रेक दाबू नका. हातांनी घट्ट आवळून धरायचा मोह होतो, पण ताठ हातांतून तुमच्या शरीराचाच हेलकावा हँडलमध्ये जातो. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, छाती टाकीकडे झुकवा, हात धरलेले पण सैल ठेवा, थ्रॉटल हळूच सोडा. वेग पट्ट्याच्या खाली आला की ते थांबतं.

तुमच्या गाडीबाबत माझा क्रम असा राहील: नट सैल करणं, दोरी लावणं, टायरची रेघ बघणं, मग कोन सेट. एका दिवशी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवून बघा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. नवा कोन सेट बसवल्यावर ५०० किलोमीटरला गाडी पुन्हा गॅरेजात न्या. नवे कप त्या काळात थोडे बसतात आणि खेळ येतो. बोटाची चाचणी पुन्हा करून घ्या, लागल्यास नट थोडासाच आवळायचा, आणि त्यानंतर पुन्हा हँडल स्वतःच्या वजनाने पडतं का ते बघायचं.